वगळलेली ओळ

मंगळवार, १९ जानेवारी २०३८. सकाळी आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटं आणि सात सेकंद. त्या क्षणाला अभिनंदन मगदूम यांच्या छातीतलं यंत्र बंद पडणार होतं. यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते तयार झालं त्याच दिवशी ही वेळ ठरून गेली होती, फक्त कुणी मोजून पाहिली नव्हती.

अभिनंदन हे जयसिंगपूरच्या एका शाळेत खो-खोचे प्रशिक्षक. एक्केचाळिसाव्या वर्षी त्यांना कंपवाताने गाठलं. आधी उजव्या हाताचा अंगठा, मग सगळा हात. शिट्टी तोंडाशी नेईपर्यंत खेळाडू बाद होऊन परत उभा राहिलेला असायचा. तीन वर्षांनी सांगलीच्या डॉ. सरनोबतांनी त्यांच्या कॉलरबोनखाली काड्यापेटीएवढं यंत्र बसवलं आणि त्यातून निघालेल्या दोन तारा मानेच्या कातडीखालून थेट मेंदूत खोल नेल्या. हे यंत्र मेंदूतल्या लहरी ऐकायचं आणि त्या बिघडू लागल्या की विजेचे बारीक ठोके द्यायचं. शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभरात अभिनंदन स्वतःच्या हाताने चहा प्यायले. नऊ वर्षं सगळं सुरळीत चाललं.

भानगड होती ती यंत्रातल्या घड्याळाची. जुन्या पद्धतीची संगणकी घड्याळं १९७० सालच्या पहिल्या तारखेपासून एकेक सेकंद मोजत आली आहेत, आणि हा आकडा ठेवायला त्यांच्याकडे बत्तीस बिटांचा, म्हणजे चार बाइटांचा रकाना असतो. या रकान्यात दोन अब्जांहून थोडेच जास्त सेकंद मावतात. तो भरला की आकडा उलटा फिरून उणे होतो आणि घड्याळाला वाटतं, १९०१ साल उजाडलं. मोठ्या संगणकांतले रकाने कधीच रुंद केले गेले होते. या यंत्राची कंपनी मात्र चार वर्षांपूर्वी बंद पडली. आणि यंत्राला शिकवलेलं होतं, की काळ मागे जाताना दिसला तर काहीतरी घोटाळा आहे असं समजून ठोके थांबवायचे.

ठोके असे अचानक थांबले तर शरीर लाकडासारखं आखडतं, गिळता येत नाही, ताप चढतो. माणूस दगावूही शकतो.

देशभरात असे चारशे बारा रुग्ण होते. त्यांच्या मंडळाने कंपनीचा प्रोग्राम आणि तो यंत्रात भरायचे अधिकार मिळवले, घड्याळाचा रकाना आठ बाइटांचा करवून घेतला आणि पुढचं काम मिस्त्रीकडे सोपवलं.

मिस्त्री म्हणजे माणूस नव्हे, कृत्रिम बुद्धीचा एक प्रोग्राम. माणसांनी लिहिलेल्या प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करून, त्याचे शेकडो तुकडे एकमेकांना जोडावे लागतात. याला बिल्ड म्हणतात. पूर्वी बिल्ड अडलं की काळ्या पडद्यावर चुकांच्या ओळी धडाधड उतरायच्या आणि त्या वाचून माणसं डोकं धरून बसायची. मिस्त्री आल्यापासून हे संपलं. तो चूक स्वतः वाचतो, स्वतः दुरुस्त करतो आणि बिल्ड पार पाडतो. चुकांच्या ओळी आताशा कुणाला दिसतही नाहीत.

अभिनंदन यांच्या पत्नी त्रिशला हेच काम करायच्या. पुण्यातल्या एका कंपनीसाठी अठरा वर्षं त्यांनी अडलेली बिल्डं सोडवली. मिस्त्री आला त्या वर्षी त्यांचा अख्खा विभाग बंद झाला. आता त्या घरी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायच्या.

शनिवारी सकाळी डॉ. सरनोबतांनी दोघांना दवाखान्यात बोलावून एक कागद दाखवला. त्यावर नऊशे बारा चाचण्यांची यादी होती आणि प्रत्येकीपुढे हिरवी खूण.

"सगळ्या पास," डॉक्टर म्हणाले. "सोमवारी अकराला या. पाच मिनिटांचं काम आहे, मगदूम सर. यंत्रावर कातडीवरूनच कॉइल धरायची, नवा प्रोग्राम आत."

"मिस्त्रीने काय काय बदललं, त्याची नोंद असेल ना?" त्रिशलांनी विचारलं.

डॉक्टर हसले. "तीनशे चाळीस पानं आहेत, वहिनी. मंडळाच्या साइटवर सगळं आहे, मूळ प्रोग्रामसकट. पण वाचणार कोण?"

घरी आल्यावर त्रिशलांनी कपाटातून आपला जुना लॅपटॉप काढला. मिस्त्रीचा हात लागण्याआधीचा प्रोग्राम उतरवून घेतला आणि टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर बिल्डची आज्ञा टाइप केली.

पहिलंच उत्तर आलं, कंपायलर, म्हणजे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, सापडत नाही. यंत्राचा प्रोग्राम ज्या कंपायलरवर बेतलेला होता तो अकरा वर्षं जुना. तो शोधून, बसवून, कुठे आहे हे लॅपटॉपला सांगेपर्यंत दुपार झाली. मग पुन्हा आज्ञा. या वेळी चुका आल्या एक हजार एकशे चाळीस.

अभिनंदन खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "एवढ्या?"

"एवढ्या नसतात हो. एक चुकली की तिच्यामागं बाकीच्या रडत सुटतात. वरची पहिली तेवढी वाचायची."

पहिली चूक एका न सापडणाऱ्या फाइलची होती. ती योग्य जागी ठेवताच हजारभर चुका नाहीशा झाल्या. मग एक लायब्ररी, म्हणजे आयत्या प्रोग्रामांचा संच, सापडेना, मग सापडली ती भलत्याच आवृत्तीची, कारण लॅपटॉप ज्या क्रमाने फोल्डरं धुंडाळतो त्यात तिचं आधी लागत होतं. त्रिशलांनी क्रम बदलला. उरल्या एकोणीस. मग सहा. पाच वर्षांनी त्यांची बोटं अशी चालत होती आणि आपल्याला बरं वाटतंय हे त्यांच्या लक्षात आलं. त्या बरं वाटण्याचीच त्यांना थोडी भीती वाटली.

रविवारी सकाळी साडेअकराला एकच चूक उरली.

'आकार जुळत नाही. हवे ४८ बाइट, मिळाले ५२.'

त्रिशलांनी ती ओळ उघडली. यंत्राचा कुठलाही हिशेब करणारी ती ओळ नव्हतीच. बिल्डच्या वेळी एक गोष्ट तपासायची आणि ती जुळली नाही तर बिल्ड थांबवायचं, एवढंच तिचं काम. तिच्यावर कुण्या जुन्या इंजिनिअरने टीप लिहून ठेवली होती, 'ही ओळ काढू नये. ठोके देणारी लायब्ररी रकाने मोजून वाचते.'

त्यांनी मिस्त्रीच्या नोंदी उघडल्या. दोनशे सतरावी नोंद दीड ओळीची होती. 'बिल्डला अडथळा आणणारी एक तपासणी वगळली. बिल्ड यशस्वी.'

त्रिशला उठून स्वयंपाकघरात गेल्या, पाणी प्यायल्या आणि परत येऊन पुन्हा तीच नोंद वाचली. मग त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

"हे बघा," त्यांनी वहीत एकापुढे एक चौकोन काढले. "यंत्राचा एक फॉर्म आहे समजा. तारीख, मग ठोक्याचा जोर, मग वेग, असे रकाने. मुख्य प्रोग्राम फॉर्म भरतो आणि ठोके देणारी लायब्ररी तो वाचते. ती लायब्ररी कंपनीने दुसऱ्याकडून तयार विकत घेतलेली. तिचा मूळ मजकूर कुणाकडेच नाही, त्यामुळं ती जुनीच राहिली. ती नावं वाचत नाही, डावीकडनं जागा मोजते. तारखेचे चार सोडले की पाचव्यापासून जोर, एवढंच तिला ठाऊक. आता तारीख झालीय आठची."

"मग पाचव्यावर काय आहे?"

"तारखेचाच उरलेला अर्धा भाग. आणि त्यात शून्य आहे."

अभिनंदननी वहीकडे पाहिलं. "म्हणजे जोर शून्य."

"ठोके बंद. आणि पडद्यावर मात्र जोर बरोबर दिसणार, कारण पडद्यावरचा आकडा मुख्य प्रोग्राम लिहितो."

"मग त्या नऊशे बारा चाचण्या पास कशा झाल्या?"

"खऱ्या यंत्रावर झाल्या नसाव्यात. मिस्त्री चाचणीसाठी लायब्ररीची नक्कल करतो. नक्कल त्यानंच केलेली, नव्या फॉर्मप्रमाणं."

"नसाव्यात म्हणजे? तुला नक्की माहीत नाही?"

"नाही."

अभिनंदन खिडकीशी गेले. गेले दोन महिने त्यांनी १९ तारखेबद्दल घरात एक शब्द काढला नव्हता, पण शाळेतून आल्यावर ते रोज उजवा हात समोर धरून बघत बसायचे, हे त्रिशलांना माहीत होतं.

"एक विचारू?" ते पाठमोरेच म्हणाले. "राग मानू नको. तुला तो मिस्त्री चुकलेला हवाय. होय की नाही? त्यानं तुझं काम घेतलं. आता माझ्या डोक्यात काय घालायचं हे त्या रागावर ठरवायचं का?"

त्रिशलांनी वही मिटली. नवऱ्याच्या बोलण्यात तथ्य होतं. अठरा वर्षांच्या कामात स्वतःच्या हुशारीवर विश्वास ठेवून त्या चुकल्याही होत्या, पण तेव्हा एखाद्या बँकेचं ॲप दोन तास उशिरा निघायचं, एवढंच.

"मला खरंच माहीत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण ती ओळ मी लिहिलेली नाही. ज्यानं लिहिली त्याचा मिस्त्रीवर राग नव्हता. तेव्हा मिस्त्री जन्मलाही नव्हता."

अभिनंदन खिडकीपासून वळले. मग म्हणाले, "डॉक्टरांना फोन लाव."

डॉ. सरनोबतांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, तीन शहरांतल्या तज्ज्ञांनी सही केलीय. पण माझ्या कपाटात तसलंच एक काढलेलं यंत्र आहे. उद्या आठला या. मीटर लावून बघू, म्हणजे तुमचंही समाधान होईल."

रविवारची उरलेली दुपार त्रिशलांनी दुसऱ्या प्रश्नावर घालवली. मिस्त्री चुकला असेल तर पुढे काय? रकाना रुंद करता येत नाही, कारण जुनी लायब्ररी बदलता येत नाही. अरुंद ठेवला तर मंगळवारी तो भरणार. उत्तर मिळालं ते कॅलेंडरवरून. तारीख आणि वार यांची जोडी अठ्ठावीस वर्षांनी जशीच्या तशी फिरून येते. रकाना चार बाइटांचाच ठेवायचा, फॉर्म अठ्ठेचाळीस बाइटांचाच, आणि यंत्राला साल मात्र अठ्ठावीस वर्षं मागचं सांगायचं. नवा प्रोग्राम भरताना जुनी स्मृती पुसली जाते, त्यामुळे काळ मागे गेल्याचं यंत्राला कळायचं कारण नव्हतं. मुख्य प्रोग्रामने बाहेरच्या जगाशी बोलताना तेवढी वर्षं मिळवायची, की झालं. बदल सात ओळींचा होता. साडेपाचला त्यांनी आज्ञा दिली. तुकडे एकेक करून जुळत गेले. ती तपासणीची ओळही आली आणि काही न बोलता पुढे गेली. शेवटी नुसताच कर्सर लुकलुकत राहिला.

सोमवारी सकाळी दवाखान्याच्या मागच्या खोलीत डॉक्टरांनी ते जुनं यंत्र टेबलावर ठेवलं, तारांना मीटर जोडला आणि मिस्त्रीचा प्रोग्राम भरला. पडद्यावर जोर दिसू लागला, २.८.

मीटरवर शून्य.

डॉक्टरांनी तारा काढून पुन्हा जोडल्या. दुसरा मीटर आणला. शून्य.

त्रिशलांच्या मनात क्षणभर आनंदाची लहर उठली. आपण बरोबर होतो. लगेच त्यांना त्या लहरीची इतकी लाज वाटली, की नवऱ्याकडे बघवेना. आणि मग डॉक्टरांचा चेहरा दिसला.

"शनिवारी संध्याकाळी मी हे एका पेशंटमध्ये भरलंय," डॉक्टर म्हणाले. "कुपवाडच्या सुशीलाबाई. त्यांना सोमवारी जमणार नव्हतं म्हणून."

त्यांनी तिथेच फोन लावला. पलीकडून सुशीलाबाईंची सून बोलत होती. "कालपास्नं झोपूनच हाईत, डॉक्टर. अंग तापलंय. चमच्यानं पाणी घातलं तर भाईर सांडतंय. आमाला वाटलं नव्या औषधानं ग्लानी आली आसंल."

"अ‍ॅम्ब्युलन्स पाठवतो. काही खायला-प्यायला घालू नका," डॉक्टरांनी फोन ठेवला आणि त्रिशलांकडे वळले. "तुम्ही केलेलं आणलंय?"

त्यांनी पेनड्राइव्ह पुढे केला. त्रिशलांचा प्रोग्राम भरल्यावर मीटरवर २.८ आले. दहा मिनिटं, वीस मिनिटं. घड्याळ पुढे ढकलून मंगळवारच्या पलीकडे नेऊन पाहिलं, तरी २.८.

"टेबलावर चालतंय," डॉक्टर म्हणाले. "पण सुशीलाबाईंची अवस्था नाजूक आहे. जिवंत मेंदूच्या लहरी ऐकून हे कसं वागतं, ते मला माहीत नाही. भलतंच वागलं तर त्या सोसणार नाहीत. आणि काही न करता ठेवलं तरी..."

"माझ्यात भरा आधी," अभिनंदन म्हणाले.

त्रिशला गर्रकन वळल्या. "तुमचं उद्या सकाळपर्यंत चालू आहे! चोवीस तास आहेत आपल्याकडं. मी अजून तपासते."

"त्या बाईंकडं नाहीत."

"एकदा भरलं की जुनं पुसलं जातं. परत येत नाही ते. माझं काही चुकलं असेल तर—"

"चुकलंय का?"

त्रिशलांनी मान हलवली. हो की नाही ते त्यांनाही कळलं नाही. "खात्री नाही देता येत हो. पण ते का चालावं, हे मी ओळीओळीनं सांगू शकते."

"काल मी जे बोललो ना..." अभिनंदन म्हणाले.

"ते खरं होतं."

"असू दे. तरी भरा."

कॉइल डॉक्टरांनी धरली. पडद्यावर जुना प्रोग्राम पुसला जाताना आकडे उतरत गेले. पुसून नवा भरायला तीन मिनिटं लागणार होती. दहाव्या सेकंदाला अभिनंदन यांचा उजवा अंगठा हलू लागला. नऊ वर्षांनी त्रिशला तो हलताना पाहत होत्या. मग मनगट, मग कोपर. टेबलाच्या कडेवर हात खटखट आपटू लागला तसा त्रिशलांनी तो दोन्ही हातांत धरला. अभिनंदन यांचा चेहरा हळूहळू कोरा होत गेला. डोळे तेवढे जिवंत होते आणि ते त्रिशलांवरच खिळले होते. त्यांना काही सांगायचं होतं, पण ओठ हलत नव्हते.

'प्रोग्राम सुरू,' पडद्यावर आलं. २.८.

त्या आकड्याकडे खोलीत कुणीच पाहिलं नाही. तिघांची नजर हातावर होती. तो थरथरतच होता. त्रिशला मनात त्या सात ओळी पुन्हा वाचत होत्या, पहिलीपासून, एकेक अक्षर. पाचव्या ओळीवर पोचल्या तेव्हा त्यांच्या तळव्यातली थरथर मंदावली. सातव्या ओळीला त्यांच्या हातात नुसता एक हात होता, गरम आणि स्थिर.

अभिनंदननी आवंढा गिळला. "हाड मोडशील माझं," ते म्हणाले. "सोड आता."

दुपारी बाराच्या आत सुशीलाबाईंना तोच प्रोग्राम दिला गेला. संध्याकाळी त्यांनी सुनेला नावाने हाक मारली, पण जिभेला आलेला जडपणा नंतरही पुरता गेला नाही.

मीटरचं चित्रण, बदललेल्या सात ओळी आणि बिल्ड कसं करायचं याची पायरी-पायरीने कृती, हे सगळं डॉक्टरांनी मंडळाला आणि असे रुग्ण असलेल्या प्रत्येक डॉक्टरला पाठवलं. काहींनी तासाभरात उत्तर दिलं. काहींनी उलट विचारलं, की मिस्त्रीने पास केलेलं बिल्ड आम्ही एका शिकवण्या घेणाऱ्या बाईंच्या सांगण्यावरून का काढावं? डॉ. सरनोबतांनी त्यांना त्यांचा स्वतःचा मीटर लावून बघायला सांगितलं. पण बऱ्याच जणांकडे जुनं यंत्रच नव्हतं आणि काहींचे फोनच लागेनात.

मंगळवारी सकाळी साडेसहाला मगदूमांच्या जेवणाच्या टेबलावर मंडळाची यादी पसरली होती. ज्यांच्याबद्दल काहीच कळलं नव्हतं असे एकोणचाळीस रुग्ण उरले होते. डॉक्टर सापडत नसतील तर थेट घरी फोन करायचं, असं दोघांनी ठरवलं. नंबर अभिनंदन लावायचे, बोलायच्या त्रिशला. मध्ये कधीतरी केलेलं उप्पीट कढईतच निवलं.

सव्वाआठच्या सुमारास बीडचा फोन लागला. एका बाईंनी उचलला. त्यांच्या यजमानांना मिस्त्रीचा नवा प्रोग्राम रविवारी भरला होता.

"छान झालंय म्हणाले डॉक्टर," त्या म्हणाल्या. "आकडा पण बरोबर येतोय."

"आत्ता काय करताहेत ते?"

"झोपलेत."

"उठवून बघता? मी फोनवर थांबते."

चपलांचा आवाज लांब गेला. मग एक हाक ऐकू आली, मग तीच हाक मोठ्याने, मग पुन्हा. बाई धावत परत आल्या. "उठतच नाहीत हो ते!" त्रिशला उभ्या राहिल्या. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, शेजाऱ्यांना बोलवा, सर्वांत जवळचं मोठं हॉस्पिटल कुठलं, तिथे पोचल्यावर कुणाला काय दाखवायचं, सगळं त्यांनी हळूहळू, एकेक गोष्ट दोनदा सांगितली. दुसऱ्या फोनवर अभिनंदननी डॉ. सरनोबतांना गाठलं. पलीकडे गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला तेव्हा त्रिशला खाली बसल्या.

बीडचे ते गृहस्थ वाचले. तिघं वाचले नाहीत, हे पुढच्या आठवड्यात कळलं. त्यांतल्या दोघांचे फोन नंबर या यादीत होते आणि ते लागले नव्हते. त्रिशलांना ती दोन नावं पाठ झाली.

पण हे नंतरचं. त्या सकाळी अभिनंदननी सहज भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, वाजले किती बघ."

आठ त्रेपन्न झाले होते. ती ठरलेली वेळ नऊ मिनिटांपूर्वीच उलटून गेली होती. त्रिशलांनी चटकन त्यांच्या हाताकडे पाहिलं. तो यादीवर होता आणि त्याच्या बोटाखाली पुढचं नाव होतं.

"किती वर्षं चालेल हे?" अभिनंदननी विचारलं.

"२०६६ पर्यंत. मग परत भरणार तो रकाना."

"मी एक्क्याऐंशीचा होईन तेव्हा."

"तेव्हाही कुणाला तरी चूक वाचता आली पाहिजे."

अभिनंदननी नुसतंच "हं" केलं आणि फोन उचलला. "वाशीम. लावतो."